मंडळीच्या वार्षिक सभेत यंत्रावर मतदान कसं घ्यावं

“बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा,” असं अध्यक्ष म्हणाले आणि तिघांनी तीन बाजूंनी मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा १४१ आले, दुसऱ्यांदा १४९, तिसऱ्यांदा १३८. खांबाआडचे दोन बाक एकाने धरले, दुसऱ्याने सोडले. खांदा दुखतो म्हणून कुणी हात मध्येच खाली घेतला. पुढच्या बाकावरून जाऊबाई वळून बघताहेत म्हणून एकीने हात वर केलाच नाही, हे तिनेच मला नंतर सांगितलं. ठराव होता मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालण्याचा, एवढासाच. पण पुढचे दोन-तीन रविवार उपासना सुटल्यावर लोक एकमेकांना ‘जय मसीह की’ न म्हणताच गाडीला किक मारून निघून जात होते.

ही इंदूरच्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची गोष्ट. उपासना हिंदीत होते, पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी अहमदनगर-जालन्याकडून इकडे आलेली आम्ही मराठी माणसं बाकावर अजून एकमेकांशी मराठीतच कुजबुजतो. सभासद साडेचारशेच्या घरात आणि वार्षिक सभेला तीनशेच्या वर हजेरी. मी सरकारी शाळेत शिक्षिका होते आणि निवडणुकीच्या ड्युटीवर पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राची प्रमुख, म्हणून काम केलेलं, त्यामुळे त्या शेडच्या ठरावानंतर मतदानाची जबाबदारी माझ्याकडे आली. तेव्हापासून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवड आणि मोठे ठराव आम्ही यंत्रावर घेतो. दुसऱ्या मंडळ्यांमधून वारंवार विचारणा होते, म्हणून जे करतो ते सगळं इथे क्रमाने लिहिते. मराठी मंडळं आणि गृहनिर्माण संस्थांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यंत्र मोजतं आणि बिनचूक मोजतं, पण बटणावर बोट कुणाचं आहे हे त्याला कळत नाही. म्हणून खरी मेहनत यंत्र चालू करण्याच्या कितीतरी आधी, नियमावलीत आणि नोंदणीच्या टेबलावर करायची असते.

आधी नियम बदला, मग यंत्र आणा

आपल्या देशात मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९८२ साली, केरळात परवूरच्या विधानसभा निवडणुकीत, ५० मतदान केंद्रांवर. विजयी उमेदवाराचं मताधिक्य होतं १२३. हरलेला उमेदवार कोर्टात गेला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, त्यामुळे त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने पुन्हा मतदान घ्या. फेरमतदान झालं आणि निकाल उलटला. यंत्राने चुकीचं मोजलं असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. नियमात यंत्र नव्हतं, इतकंच. कायद्यात तशी तरतूद नंतर झाली आणि १९८९ पासून लागू झाली.

मंडळीतही हेच होऊ शकतं. तुमच्या घटनेत ‘गुप्त मतपत्रिकेने’ असे शब्द असतील आणि तुम्ही कीपॅड, म्हणजे बटण दाबून मत द्यायची हातातली यंत्रं, वाटली, तर हरलेल्या बाजूला तक्रारीला जागा मिळते आणि ती तक्रार रास्त असते. म्हणून वर्षभर आधीच्या सभेत घटनादुरुस्ती घ्या, आणि ती जुन्याच पद्धतीने, कागदावर घ्या. आम्ही घातलेलं कलम साधारण असं आहे: “गुप्त मतदान कागदी मतपत्रिकेने किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेता येईल. कोणतं साधन वापरायचं ते पंच कमिटी ठरवेल व सभेच्या सूचनेत कळवेल. यंत्रात बिघाड झाल्यास किंवा दिलेल्या टोकनपेक्षा जास्त मतं आल्यास ते मतदान रद्द होऊन त्याच सभेत कागदावर घेतलं जाईल.” यातलं टोकन म्हणजे मतदाराला दाराशी मिळणारी क्रमांकाची चिठ्ठी. कलमातलं शेवटचं वाक्य गाळू नका. बिघाड झाल्यावर काय करायचं हे बिघाड झाल्यानंतर ठरवायला बसलात, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचा उपाय सुचतो.

तुमची मंडळी धर्मप्रांताखाली असेल तर दुरुस्तीला त्यांची लेखी संमती घ्या. संस्था १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर बदललेली नियमावली रजिस्ट्रारकडे दाखल करून घ्या. वडोदऱ्याकडच्या ट्रस्टनी आपल्या विश्वस्त कायद्याच्या वकिलाला विचारावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

मतदार यादी

इथे घाई करू नका.

मत कोणाला, हे घटनेत असतंच: प्रभुभोजन घेणारे, अमुक वयावरचे, वर्गणी भरलेले सभासद. पण प्रत्यक्ष रजिस्टर उघडलं की त्यात देवाघरी गेलेली माणसं सापडतात, लग्न होऊन भोपाळला गेलेल्या मुली असतात, आणि एकाच नावाचे बाप-लेकाचे किंवा चुलत्या-पुतण्याचे दोन-दोन सॅम्युएल असतात. सभेच्या ३० दिवस आधीची एक तारीख ठरवा. त्या तारखेला जो सभासद आहे तो मतदार. त्यानंतर बदलून आलेल्याचं स्वागत करा, पण मत पुढच्या वर्षी.

ही यादी तीन रविवार बाहेरच्या फलकावर लावा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि अनुक्रमांक. फोन नंबर, पत्ता फलकावर नको. हरकती लेखी घ्या, त्यांना उत्तर लेखी द्या, आणि तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ‘यादी अंतिम झाली’ असं सगळ्यांसमोर सांगावं. पहिल्या वर्षी आमच्याकडे २३ हरकती आल्या होत्या. त्यातल्या बहुतेक फक्त स्पेलिंगच्या होत्या, पण लोकांनी यादी वाचली हे त्यातून कळलं.

यादी इतकी का सांभाळायची, ते अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून समजेल. युनायटेड मेथडिस्ट चर्चची जनरल कॉन्फरन्स, म्हणजे त्यांची सर्वोच्च सभा, फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुईसला भरली. आठशेच्या वर प्रतिनिधी हातातल्या यंत्रावर मतं देत होते. तो सबंध संप्रदायाच्या भवितव्याचा प्रश्न होता आणि मुख्य ठराव ४३८ विरुद्ध ३८४ ने मंजूर झाला. नंतरच्या चौकशीत निघालं की चार अपात्र व्यक्तींनी गैरहजर प्रतिनिधींच्या ओळखपत्रांवर मतं दिली होती. आणि त्याच सभेतलं एक मतदान ४०२ विरुद्ध ४०० असं, फक्त दोन मतांनी निघालेलं होतं. यंत्रांनी बेरीज बरोबरच केली होती. चूक झाली ती प्रवेशाच्या टेबलावर, ओळखपत्र देताना.

कोणतं साधन घ्यावं

निवडणूक आयोगाची मतदान यंत्रं भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल आयोगासाठीच बनवतात, ती खाजगी सभांना मिळत नाहीत. त्यामुळे आपल्यापुढे तीन पर्याय उरतात.

पहिला, कीपॅड. आमच्याकडे सगळे त्याला रिमोटच म्हणतात. लॅपटॉपला एक रिसीव्हर लागतो आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं की रेडिओ लहरीवरून मत तिकडे पोचतं. इंटरनेट लागत नाही, हा मोठा फायदा. पोचलं की रिमोटच्या छोट्या पडद्यावर खूण दिसते, आणि मतदान बंद होईपर्यंत दुसरं बटण दाबून मत बदलता येतं. कॉलेजच्या वर्गांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत हीच वापरतात, आणि कॉन्फरन्सची कामं करणारे भाड्याने देतात. विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूच्या बॅटऱ्या कपाटात गळतात.

दुसरा, लोकांचे स्वतःचे फोन. कार्डावर क्यूआर कोड आणि एकदाच चालणारा क्रमांक. खर्च कमी, पण सगळी मदार नेटवर्कवर. आम्ही दुसऱ्या वर्षी हे करून पाहिलं. जाड भिंतींच्या सभागृहात तीनशे माणसं एकाच वेळी पान उघडायला लागली आणि साठेक जणांच्या फोनवर चाक फिरतच राहिलं. घरी वापरायचा राऊटर तीस-चाळीस फोन जोडले की धापा टाकू लागतो. फोनवरच जायचं असेल तर मोठ्या जागेसाठीचं वाय-फाय आणणारा माणूस हवा, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दोन टॅबलेट वेगळे हवेत.

तिसरा, आडोशामागे ठेवलेले टॅबलेट. एकेकाने जायचं, टोकनचा क्रमांक टाकायचा, मत द्यायचं, यायचं. जागा बऱ्याच आणि नावं त्याहून जास्त असली की, म्हणजे १४ उमेदवारांतून ९ पंच निवडताना, हेच बरं पडतं. दहा बटणांच्या रिमोटवर चौदा नावं बसवण्याची कसरत करू नये. हिशेब आधी करा: ३१२ माणसं, सहा टॅबलेट, प्रत्येकाला ४० सेकंद, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं. चारच टॅबलेट असतील तर ५२. तेवढ्या वेळात चहा आणि पोहे द्या, कुणाची तक्रार येत नाही.

व्हॉट्सॅपच्या पोलवर निवडणूक घेऊ नका. कुणी कशाला मत दिलं ते तिथे नावानिशी दिसतं. सहलीला मांडूला जायचं की महेश्वरला, हे ठरवायला तो ठीक आहे. गूगल फॉर्मवर ईमेल गोळा केले तर गुप्तता गेली, आणि एकाला एकच उत्तर अशी अट घातली नाही तर एक माणूस दहा वेळा भरू शकतो. शिवाय प्रत्येक उत्तराची वेळ शीटमध्ये उमटते, म्हणजे ‘सव्वाबाराला फोन काढला होता तो कोण’ हे हिशेब सुरू होतात. आणि कुठलीही अनोळखी साइट वापरताना सभासदांची यादी तिथे चढवू नका. कोण कुठल्या धर्माचं, कुठे राहतं, ही लोकांची खाजगी माहिती आहे. तुम्हाला फक्त क्रमांक चढवायचे आहेत, नावं नाहीत.

टोकनची टोपली

लोकांचा खरा प्रश्न एकच असतो: “मी कुणाला मत दिलं हे लॅपटॉपवाल्याला कळेल का?” याला नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे. आमच्या टेबलावर ते असं दिसतं.

नोंदणीचं टेबल दाराशी. दोन जण बसतात: एक यादी बघतो, दुसरा सही घेतो. आधार, मतदार ओळखपत्र, काहीही एक. पंच असो की पाळकसाहेबांच्या घरचं माणूस, ओळखपत्र सगळ्यांनी दाखवायचं. लहानपणापासून ओळखत असलेल्या यशोदामावशींना कार्ड मागताना जीभ जड होते. पण त्यांनाच मागितलं की मागच्या रांगेतल्या कुणाला अपमान वाटत नाही. सही झाली की माणूस दोन पावलं पुढच्या वेगळ्या टेबलाशी जातो. तिथे वेताची टोपली, आणि टोपलीत एकसारख्या घड्या घातलेल्या टोकनच्या चिठ्ठ्या. हात घालून कुठलीही एक उचलायची. मदतनीस चिठ्ठी उचलून देत नाही, उघडत नाही, क्रमांक कुठे लिहून घेत नाही. त्यामुळे यादीत नाव आहे, यंत्रात क्रमांक आहे, आणि दोघांना जोडणारा धागा जगात कुठेच नाही.

रिमोट असतील तर तेच: रिमोटच टोपलीत ठेवा, मागच्या क्रमांकाची बाजू खाली करून.

टोकनवर फक्त आकडे छापा, सहा अंकी आणि ठळक. अक्षरं घातली की शून्य आणि ओ, एक आणि आय यांत आजी-आजोबा अडकतात. किती छापली, किती गेली, किती उरली याचा तक्ता ठेवा. गेल्या वर्षी आमच्याकडे ३५० छापली, ३१२ गेली, ३८ उरली. उरलेली ३८ मतदानाआधी सगळ्यांसमोर मोजून पाकिटात सीलबंद केली आणि त्यांचे क्रमांक यंत्रातून बंद केले. यादीतल्या सह्याही ३१२. हे दोन आकडे जुळले की अध्यक्ष गणपूर्ती जाहीर करतात आणि दाराशी नोंदणी बंद होते. मध्येच घरी जाणाऱ्याने टोकन किंवा रिमोट दाराशी परत करायचा. तो शेजाऱ्याकडे ठेवून गेला तर सेंट लुईसला जे झालं तेच आपल्याकडे होईल.

प्रश्न कसा लिहावा, आणि बहुमत कशाचं

प्रश्न नेहमी सरळ. ‘शेडचा ठराव फेटाळावा का?’ असा प्रश्न टाकला की निम्मे लोक उलटं बटण दाबतात. ‘शेड बांधावी: १ मान्य, २ अमान्य, ३ तटस्थ’ एवढंच पडद्यावर, मराठीत आणि हिंदीत, काळ्यावर पांढरं आणि शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढं मोठं. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, असं फक्त रंगावर सोडू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. एका वेळी एकच प्रश्न. दुरुस्ती आली तर आधी दुरुस्तीवर मत, मग मूळ ठरावावर. उमेदवारांची नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने.

आता बहुमत. यावरची भांडणं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. साध्या बहुमताला ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ यांची तुलना पुरते, तटस्थ बाजूला ठेवायचे. गोंधळ होतो तो दोन-तृतीयांशाचा. दोन-तृतीयांश कोणाचे? समजा ३१२ हजर आहेत, २०० मान्य, ८७ अमान्य, २५ तटस्थ किंवा गप्प. मत देणारे २८७, त्यांचे दोन-तृतीयांश १९२. ठराव मंजूर. पण घटनेत ‘उपस्थितांच्या दोन-तृतीयांश’ असे शब्द असतील तर लागतात २०८. तोच ठराव नामंजूर. म्हणून मतदानाआधी अध्यक्षांनी घटनेतलं वाक्य वाचून दाखवावं आणि नेमका किती आकडा लागेल हे पद्धतीसह फळ्यावर लिहावं. निकाल लागल्यावर हे वाक्य शोधायला गेलात तर कुणीच मानणार नाही.

चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडमध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेत, २० नोव्हेंबर २०१२ रोजी स्त्रियांना बिशप करण्याच्या प्रस्तावाचं असंच झालं. तिथे बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं वेगवेगळी मतं देतात, आणि तिन्हींत दोन-तृतीयांश हवे होते. पहिल्या दोघांत ते मिळाले. सामान्य सभासदांत १३२ विरुद्ध ७४ असं भरघोस बहुमत होतं, पण दोन-तृतीयांशाला सहा मतं कमी पडली आणि प्रस्ताव पडला. जुलै २०१४ मध्ये तो नव्याने येऊन मंजूर झाला. केवढं दुःख झालं असेल अनेकांना. तरी मोजणीबद्दल शंका उरली नाही, कारण किती हवेत ते आधी ठरलेलं होतं.

समसमान मतं पडली तर काय, हेही आधी लिहा. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, असं बायबलमध्ये आहे (प्रेषितांची कृत्ये १:२६), त्यामुळे मंडळीत त्याला कुणाचा विरोध होत नाही.

सराव मतदान

सरकारी निवडणुकीत प्रत्यक्ष मतदानाआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे सराव मतदान, घ्यावं लागतं, मग ती मतं पुसून यंत्र सील होतं. ही चांगली सवय मी तिथूनच उचलली.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या प्रत्येक कोपऱ्यातून, गॅलरीतून, खांबामागून रिमोट दाबून पाहा. ही यंत्रं बहुधा वाय-फायच्याच पट्ट्यात चालतात, म्हणून रिसीव्हर उंचावर ठेवा आणि शेजारी राऊटर नको. सभेत सुरुवातीला एक प्रश्न सगळ्यांना: ‘आज सकाळी पोहे खाल्ले का?’ इंदुरात या प्रश्नाला हात आपोआप बटणाकडे जातो. त्यानंतर जास्त महत्त्वाची चाचणी: दहा जणांना पुढे उभं करा. सहा जण रिमोट उंच धरून सगळ्यांना दिसेल असं १ दाबतील, चार जण २. पडद्यावर सहा-चार आलं की सभागृहातली कुजबुज थांबते. कितीही समजावून सांगितलं तरी जे होत नाही ते या दहा माणसांनी होतं. मग सगळी मतं पुसून पडदा शून्यावर आणून दाखवा.

लॅपटॉपवर बसणारा उमेदवार नसावा, उमेदवाराचा नातलगही नसावा. त्याच्या मागे दोन निरीक्षक, दोन्ही बाजूंनी एकेक. बोलायचं नाही, फक्त बघायचं.

मतदानाची ती दोन मिनिटं

अध्यक्षांनी ठरलेले शब्द वाचावेत, मनाने बोलू नये. आमच्या कार्डावर हे आहे:

“ठराव क्रमांक चार. पडद्यावरचा प्रश्न मी वाचतो. … लागणारी मतं फळ्यावर आहेत. कुणाला प्रश्न समजला नाही का? … मतदान सुरू झालं आहे. एक मिनिट. … शेवटचे दहा सेकंद. कुणाचं राहिलं आहे का? … मतदान बंद.”

मतदान चालू असताना पडद्यावर ‘आलेली मतं’ एवढाच आकडा असू द्या. कुठली बाजू पुढे आहे हे दिसलं की काठावरचे लोक तिकडे झुकतात. एकूण आकडा मात्र दाखवाच. २९५ वर थांबला की लोक आपापल्या शेजाऱ्याकडे बघतात, “काका, दाबलं का?” आणि तो सरकतो. बंद केल्यावर आधी एकूण, मग मान्य, अमान्य, तटस्थ.

ज्येष्ठांसाठी प्रत्येक चार बाकांमागे एक तरुण संघाचा मदतनीस, आणि त्याला एकच नियम: दाखवायचं, दाबायचं नाही. पहिल्या वर्षी एक आजी रिमोट दोन्ही हातांत आरतीच्या तबकासारखा धरून बसल्या होत्या. अंगठ्याचं नख लावून त्यांनी बटण दाबलं, पडदा तसाच. पुन्हा दाबलं. मदतनीस मुलीने रिमोट घेतला नाही, फक्त त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “आजी, नखाने नाही, बोटाच्या पेराने. आणि दाबून सोडून द्या.” त्यांनी दाबलं, सोडलं, छोटी खूण उमटली. खूण उमटल्यावर त्यांनी रिमोट पदराखाली झाकला, कुणी बघू नये म्हणून. मतपेटीच्या काळापासून मत देत आलेल्या त्या बाईला गुप्त मतदान म्हणजे काय ते आमच्या कमिटीपेक्षा जास्त माहीत होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना स्वतः निवडलेला सोबती आणू द्या, सरकारी मतदानातही तशी मुभा आहे.

पुण्या-बंगळुरूत असलेल्यांचं मत

दरवर्षी मागणी होते: मुलगा बंगळुरूला आहे, त्याला फोनवरून मत देऊ द्या. माझं मत आहे की चर्चा न ऐकता मत देणं मंडळीच्या सभेला शोभत नाही, आणि घरी बसून मत देणाऱ्याच्या खांद्यावरून कोण बघतंय ते आपल्याला कळत नाही. तरी तुमच्या मंडळीने ठरवलंच, तर कंपन्यांचा नियम बघा. हजार किंवा जास्त भागधारक असलेल्या कंपनीला ई-मतदान द्यावंच लागतं. त्यात घरून मतदान किमान तीन दिवस खुलं असतं, सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं, आणि ज्याने घरून मत दिलं तो सभेला आला तरी पुन्हा मत देऊ शकत नाही. वरून एक त्रयस्थ तपासनीस असतो. हे सगळं जमणार असेल तरच करा.

बिघडलं तर

वीज जाते. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा आणि दुसरा लॅपटॉप तयार असू द्या. टोकनपेक्षा एक जरी मत जास्त आलं तरी तिथेच थांबा. ‘फरक पडत नाही, अंतर मोठं आहे’ असं म्हणू नका. कागदी मतपत्रिका छापून सीलबंद पेटीत आधीच ठेवलेल्या असतात, त्या उघडा. टोकन देऊन मतपत्रिका घ्यायची, म्हणजे मोजणी पुन्हा ३१२ वरच बसते.

एक गोष्ट मी पंच कमिटीत आजही ठामपणे मांडते: जमीन-इमारत विकणं, भाड्याने देणं, मंडळी विभागणं, अशा ठरावांना कागदच वापरा. फेरमोजणीची मागणी आली तर रिमोटच्या मतांची तुम्ही फक्त तीच फाईल पुन्हा उघडू शकता. कागद पुन्हा हातात घेऊन मोजता येतो. सरकारी यंत्रालाही २०१३ पासून चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट जोडायला सुरुवात झाली, ते याच गरजेतून.

निकालाचा कागद

मतदान बंद झाल्यावर पाच मिनिटांच्या आत त्या ठरावाचा निकाल छापा. सभागृहात प्रिंटर असायलाच हवा. कागदावर ठरावाचा मजकूर, वेळ, दिलेली टोकन, आलेली मतं, तिन्ही आकडे, लागणारी मतं, आणि निकाल. अध्यक्ष, सचिव आणि दोन्ही निरीक्षकांच्या सह्या. हा कागद, सह्यांची यादी, उरलेली टोकन आणि फाईलची पेन ड्राइव्ह एका मोठ्या पाकिटात, त्यावर लाखेचं सील. आमच्याकडे ते ९० दिवस पाळकसाहेबांच्या कपाटात राहतं आणि हरकत घ्यायची मुदत ३० दिवस. मुदत संपल्यावर काय नष्ट करायचं आणि काय कायमचं इतिवृत्ताला जोडायचं, तेही इतिवृत्तात लिहून ठेवा. वापरलेल्या साइटवर खातं उघडलं असेल तर ते बंद करा.

रिमोट भाड्याचे असतील तर समारोपाच्या प्रार्थनेआधी ते परत घ्या, नंतर नाही. प्रार्थना झाली की लोक मुलांना शोधायला अंगणात पळतात आणि रिमोट पर्समध्ये, कोटाच्या खिशात, गीतपुस्तकाच्या घडीत घरी जातात. बाकागणिक टोपली फिरवा, मोजा, ३१२ भरले की मगच पाळकसाहेबांना खूण करा.